जटिल आघात आणि कलांचा एकत्रित उपचार : सोलापुरात आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही तिघीजणी मिळून हे काम करतो. मी समुपदेशक आहे, दुसरी नृत्य आणि हालचालींतून उपचार करते, तिसरी चित्र आणि कापडकाम घेऊन बसते. फोनवर, दारात, कधी जिन्यातच उभं राहून लोक जे विचारतात ते इथे लिहून ठेवलं आहे. यातल्या माणसांची उदाहरणं तीन-चार जणांचे अनुभव एकत्र करून, ओळख पटणार नाही अशी बदलून दिली आहेत.

जटिल आघात म्हणजे काय? एखाद्या मोठ्या धक्क्यापेक्षा तो वेगळा कसा?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सोलापुरातल्या चाळिशीपुढच्या माणसाला अजून आठवते. विसर्जन आटोपून लोक झोपले होते, चारच्या सुमारास जमीन हलली. इथली माणसं घराबाहेर पळाली आणि उजाडल्यावर किल्लारी, सास्तूरची बातमी आली. तो आघात भयंकर होता. पण त्याला तारीख आहे, वेळ आहे, आणि अख्ख्या मुलखाने तो एकत्र सोसला. "तसं काही झालंच नाही" असं कुणी कुणाला म्हणालं नाही.

जटिल आघाताला तारीख नसते. लहानपणी वर्षानुवर्षं होणारी मारहाण, घरातल्याच माणसाकडून झालेलं लैंगिक शोषण, रोज संध्याकाळी दारू पिऊन येणारा नवरा, डांबून ठेवून करून घेतलेलं काम. हे पुन्हा पुन्हा घडतं, सुटकेची वाट दिसत नाही, आणि बहुतेक वेळा करणारा माणूस आपलाच असतो. साक्षीदार असले तरी ते गप्प असतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली या प्रकाराला वेगळं नाव द्यायला हवं असं मांडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, म्हणजे जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या यादीत, त्याला स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली.

त्या यादीनुसार आधी नेहमीच्या आघातोत्तर ताणाची तीन लक्षणं लागतात: घडलेलं आत्ताच घडतंय असं पुन्हा अनुभवणं, त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणं, आणि सतत धोका आहे असं वाटणं. त्यावर आणखी तीन. भावना आवरत नाहीत किंवा जाणवतच नाहीत. आपण वाईट आहोत, कुचकामी आहोत असं मनात घट्ट बसतं. आणि माणसांशी जवळीक टिकवणं जड जातं. आमच्या अनुभवात माणसाला सगळ्यात जास्त पोखरतं ते मधलं. भीती पुढे कमी होते, पण "माझ्यातच काहीतरी खोट असणार" हे वाक्य जाता जात नाही.

मला तसं काही झालेलं नाही, फक्त अंग दुखतं आणि झोप लागत नाही. मग मला कशाला पाठवलं?

आमच्याकडे येणाऱ्यांतले निम्म्याहून अधिक जण असंच म्हणतात. "ट्रॉमा" हा शब्द घेऊन कुणी येत नाही. छातीत धडधडतं, डोकं जड होतं, हातापायांना मुंग्या येतात, ज्वारीचं पीठ मळता मळता मध्येच "कुठं गेले होते कळलंच नाही" असं होतं. दारावर थाप पडली की पोटात गोळा येतो. सगळ्या तपासण्या नॉर्मल येतात.

एक मात्र आधी करा. शरीराची तपासणी खरोखर करून घ्या. रक्त कमी असणं, थायरॉईड, हृदयाचा त्रास यांतूनही अशा तक्रारी येतात. सगळं "मनाचं" म्हणून मोकळं होणं हा दुखणाऱ्या माणसावर अन्याय आहे. विड्या वळणाऱ्या बाईची मान आणि बोटं दुखतात ती खरोखर दुखतात, तासन्‌तास मान खाली घालून बसल्यामुळे. त्यात आघाताचा वाटा असेल तर तो वेगळा बघावा लागतो.

आणि तुम्हाला "झालेलं" काही आहे की नाही हे आम्ही पहिल्या दिवशी ठरवत नाही. तुम्हीही ठरवायची घाई नको.

बोलून मन मोकळं केलं की होतं ना? चित्र, नाच हे कशाला?

बोलणं महत्त्वाचं आहे, माझा तर तोच व्यवसाय आहे. पण काही माणसांना आपण "काय झालं ते सांगा" म्हणतो आणि त्यांचा घसा आवळतो. ते टाळाटाळ करत नसतात. १९९० च्या दशकापासून झालेल्या काही मेंदू-अभ्यासांत आघाताची आठवण जागी होत असताना बोलण्याशी संबंधित भागाचं काम मंदावलेलं दिसलं आहे. आठवण शब्दांत न राहता वास, आवाज, खांद्यातला ताठरपणा, मळमळ अशा तुकड्यांत राहते. जे शब्दांत साठलेलं नाही ते शब्दांनी मागितलं तर मिळणार कसं?

दुसरं कारण आपल्याकडचं आहे. ज्या घरात "चार भिंतीतलं चार भिंतीत" असं लहानपणापासून बजावलेलं असतं, तिथे तोंड उघडणं हीच मोठी फितुरी वाटते. कागदावर एक रेघ ओढणं ही फितुरी वाटत नाही. ती रेघ कुणाचं नाव घेत नाही.

यात कोणकोणत्या कला येतात?

चित्र आणि मातीकाम, संगीत आणि ताल, नृत्य-हालचाल, नाट्य, लेखन, आणि आमच्याकडे कापड. यातल्या प्रत्येकाची स्वतंत्र उपचारशाखा आहे. इंग्लंडमधले चित्रकार एड्रियन हिल यांनी क्षयरोगातून बरं होताना चित्रांचा झालेला उपयोग पाहून १९४२ साली "आर्ट थेरपी" हा शब्द रूढ केला. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या एका मनोरुग्णालयात मॅरियन चेस या नर्तकीने रुग्णांबरोबर हालचालींचं काम सुरू केलं. जेकब मोरेनो यांनी नाट्याचा वापर त्याही आधी सुरू केला होता.

आपल्या देशात नृत्य-हालचालींतून उपचाराचं नाव घ्यायचं तर कोलकाता संवेद ही संस्था. तस्करी आणि हिंसेतून सुटलेल्या मुली-स्त्रियांबरोबर तिने अनेक वर्षं काम केलं आहे, आणि मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेबरोबर या विषयाचा पदविका अभ्यासक्रमही उभा केला.

मग एकच कला नीट का करत नाही? सगळ्या एकत्र कशासाठी?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण आमच्या कामाचं सगळं सार यात आहे.

जटिल आघात झालेलं माणूस बहुतेक वेळा दोन टोकांत हेलकावत असतं. एक टोक म्हणजे दूध उतू जाणं: राग, धडधड, थरथर, रडू आवरत नाही. दुसरं टोक म्हणजे चूल विझणं: बधीर, सुन्न, कशाचंच काही वाटत नाही, हात आपले नाहीत असं वाटतं. या दोन्हींच्या मध्ये एक पट्टा असतो. त्यात माणूस जागं असतं, त्याला जाणवत असतं आणि तरी ते सावरलेलं असतं. उपचार होतो तो तेवढ्या पट्ट्यात. आघात जितका लांबलेला तितका तो पट्टा अरुंद.

वेगवेगळ्या कला माणसाला या पट्ट्याकडे वेगवेगळ्या बाजूंनी आणतात. चूल विझलेली असेल तर त्याला कागद-पेन्सिल देऊन उपयोग नाही, ते तासभर कागदाकडे बघत राहील. तिथे ताल लागतो, पाय जमिनीवर आपटणं लागतं, लेझीम लागते. उलट उतू जाणाऱ्याला ढोल दिला तर आगीत तेल. त्याला सुई-दोरा, ओली माती, लहान चौकटीत रंग भरणं असं काहीतरी हवं, ज्यात हात एकाच जागी पुन्हा पुन्हा तेच करतात. हालचालीतून काही जागं झालं तर ते चित्रात उतरवून अंतरावर ठेवता येतं. चित्राकडे बघताना शब्द सुचले तर ते लिहून त्यांना क्रम देता येतो. आणि शब्द फार जड झाले तर परत तालावर येता येतं.

एका कलेकडून दुसरीकडे जाण्याची ही पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेत पाओलो निल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शास्त्र म्हणून मांडली. नॅटली रॉजर्स यांनी हालचाल, मग चित्र, मग लेखन अशी साखळी करून दाखवली. पण एकत्र करणं म्हणजे भेळ नव्हे. एका तासात पाच कला उरकणाऱ्या कार्यशाळा मी पाहिल्या आहेत. तिथून माणसं हसत बाहेर पडतात आणि रात्री झोपू शकत नाहीत. कुठली कला कधी आणायची यापेक्षा कुठली कधी थांबवायची, हे आम्हाला शिकायला जास्त वर्षं लागली.

एका सत्रात नेमकं काय होतं? आधी कळलं तर धीर येईल.

साधारण असं होतं. आक्का (आमच्याकडे शहराच्या पूर्व भागातून येणाऱ्या बऱ्याच तेलुगू भाषक बायका आहेत, त्यांना आम्ही आक्काच म्हणतो) येते, चप्पल काढते, भिंतीला पाठ लावून बसते. दाराकडे तोंड करून, कारण दाराकडे पाठ करून तिला बसवत नाही. कुठे बसायचं हे तिचं तीच ठरवते.

सुरुवातीला आम्ही सगळ्यांना डोळे मिटून शांत बसायला सांगायचो, पुस्तकात तसंच असतं. तिने सांगितलं, "शांत झालं की मला भ्या वाटतंय." तिचं आयुष्य यंत्रमागाच्या घरात गेलं आहे. माग चालू म्हणजे सगळे कामात, सगळं ठीक. खटखट थांबली की लाईट गेली असेल किंवा तो उठून आला असेल. तिच्या शरीराला शांतता म्हणजे धोका हेच ठाऊक आहे. तेव्हापासून तिच्या सत्राची सुरुवात आवाजाने होते. डफावर ती मागाचा ठेका धरते, आम्ही तिच्यामागून तो धरतो. तीन-चार मिनिटांनी तिचा श्वास खाली पोटात उतरतो, तो आम्हाला दिसतो.

मग उभं राहणं. पाय जमिनीवर, गुडघे थोडे सैल. एके दिवशी ठेका धरता धरता तिचा डावा तळहात पुढे आला, कुणाला तरी अडवावं तसा. माझ्या सहकारी बाईंनी काही विचारलं नाही, फक्त तसाच आपला हात पुढे केला. आक्काने तो पाहिला, पुन्हा केला, जरा जोर लावून. मग तेलखडू दिला. तिने कागदावर एकच जाड, लाल, आडवी रेघ ओढली. "हिला आवाज असता तर?" असं विचारल्यावर बराच वेळ गेला. मग ती हळूच "वद्दु" म्हणाली. तेलुगूत त्याचा अर्थ "नको". लग्नानंतरच्या वीस वर्षांत तो शब्द तिने मोठ्याने उच्चारला नव्हता.

त्या दिवशी आम्ही "कुणाला नको?" असं विचारलं नाही. कागदाची घडी घातली, तिने ती तिच्या पेटीत ठेवली, पेटी कपाटात गेली. शेवटची दहा मिनिटं टॉवेलच्या उरलेल्या तुकड्यांना टाके घालत, भाजीच्या भावाबद्दल बोलत गेली. हा शेवट वेळ घालवण्यासाठी नसतो. बाहेर रिक्षा पकडायची आहे, घरी जाऊन स्वयंपाक करायचा आहे. माणसाला उघडं टाकून रस्त्यावर सोडायचं नाही.

जे झालं ते सगळं सांगावं लागतं का?

नाही. काही जणांनी आमच्याकडे मूळ प्रसंग कधीच सांगितला नाही आणि तरी त्यांची झोप सुधारली, मुलांवर हात उचलणं थांबलं.

हर्मन यांनी तीन टप्पे सांगितले आहेत: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा जगाशी नातं. ते जिन्यासारखे सरळ नसतात, माणूस मागे-पुढे होत राहतं. प्रत्येकाला पहिल्या टप्प्याची इतकी लांबण लागते का, यावर तज्ज्ञांत मतभेदही आहेत. आमचा कल सावकाश जाण्याकडे आहे, आणि त्याला कारण आहे. कामाच्या सुरुवातीच्या काळात मी एका गटाला "तुमच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड दिवस चित्रात काढा" असं सांगितलं होतं. एक मुलगी काढता काढता दगडासारखी झाली. हाक मारली तरी डोळे हलेनात. तिला परत यायला पाऊण तास लागला आणि ती पुन्हा कधी आली नाही. चूक माझी होती. तिने काय सोसलं आहे याचा अंदाज नसताना मी तिला एकटीला त्या दिवसात परत पाठवलं. आज आम्ही पहिल्या सत्रांत "तुम्हाला जिथे बरं वाटतं ती जागा" काढायला सांगतो, आणि अशी जागा नसेल तर ती बनवायला. एकीने हिप्परग्याच्या तळ्याकाठचं चिंचेचं झाड काढलं. पुढचे सहा महिने जड काही आलं की आम्ही त्या झाडाखाली परत यायचो.

पण अजूनही त्याच घरात राहतेय, मारहाण चालूच आहे. तरी येऊ का?

जरूर या. पण मग काम वेगळं असेल. घर पेटलेलं असताना जुन्या जखमा उघडायच्या नसतात. आधी कुठे जाता येईल, पैसे, कागदपत्रं, मुलं, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज, हे पाहायचं. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे, तातडीला ११२. कलेचा उपयोग या काळात एवढाच: तुम्ही स्वतःला धरून ठेवावं. त्या घरात नेऊन कुणाच्या हाती पडेल असं काहीही आम्ही लिहायला किंवा काढायला देत नाही.

मला चित्र काढता येत नाही. चौथीत बाईंनी सगळ्यांसमोर कागद फाडला होता.

तो कागद आठवतोय ना अजून? बघा, केवढी लांब सावली पडते. इथे सुंदर काढायचं नाही. आम्ही बऱ्याचदा डाव्या हाताने काढायला सांगतो, म्हणजे चांगल्या-वाईटाची अपेक्षाच संपते. आणि चित्र नकोच असेल तर कापड आहे. वाकळ शिवणं कुणाला शिकवावं लागत नाही. कुठला तुकडा कुठे, कुठला नकोच, कुठला आत दडवायचा, हे ठरवताना बायका जे बोलून जातात ते समुपदेशनाच्या खुर्चीत बसून त्यांना बोलता आलं नसतं.

काळा रंग वापरला म्हणजे नैराश्य, झाडाला पानं नाहीत म्हणजे एकटेपणा, असं तुम्ही ओळखता का?

नाही, आणि असं ओळखून दाखवणाऱ्यापासून लांब राहा. काळा रंग कधी नैराश्याचा असतो, कधी केसांचा, कधी पेटीतला तेवढाच खडू धड असतो म्हणून. चित्राचा अर्थ ते चित्र ज्याने काढलं त्याच्याकडेच असतो. आम्ही फक्त विचारतो: इथे काय चाललंय? यातला कुठला भाग बघावासा वाटतो? कुठला नको वाटतो? लहानपणापासून ज्याचं म्हणणं दुसऱ्यांनीच ठरवलं, त्याच्या चित्राचा अर्थही आपण ठरवायचा, हे बरोबर नाही.

आपल्याकडे ओव्या, भजन, भोंडला, फुगडी होतीच की. वेगळी थेरपी कशाला?

होती, आणि तिचा उपयोगही मोठा होता. जात्यावर बसलेल्या बाईने सासरचं जे दुःख ओवीत घातलं ते ती दुसऱ्या कुठेच बोलू शकत नव्हती. हात एका लयीत फिरत आहेत, समोर दुसरी बाई आहे, अंधार आहे, गाणं आपलं असूनही "सगळ्यांचं" आहे. आम्ही ज्याला सुरक्षित चौकट म्हणतो ती याहून वेगळी काय असते? नवरात्रात इथल्या तेलुगू बायका बतुकम्माभोवती, म्हणजे रचलेल्या फुलांभोवती, टाळ्या वाजवत फेर धरतात, आषाढीला पंढरीच्या वाटेवर टाळकऱ्यांची पावलं एकाच वेळी पडतात. इतरांबरोबर एका तालात असणं हे एकटं पडलेल्या मज्जासंस्थेला औषधासारखं लागू पडतं असं मी अनेकदा पाहिलं आहे.

फरक दोन ठिकाणी आहे. ओवी सोसायला बळ देते, पण बऱ्याचदा सोसत राहायलाच सांगते. आणि भजनात किंवा फेरात एखादी मध्येच सुन्न झाली, कोसळली, तर तिला ओळखून हळूच परत आणणारं माणूस तिथे असेलच असं नाही. "अंगात आलं" म्हणून सोडून दिलं जातं. प्रत्येक अंगात येणं आघातामुळे असतं असं मी म्हणत नाही, तो अधिकार माझा नाही. पण एखादी बाई त्यानंतर दोन-दोन दिवस हरवल्यासारखी असेल तर कुणीतरी तिच्याशी बोलायला हवं.

आम्ही हे सगळं वापरतो. गटाची सुरुवात ओवीनेच होते. पहिली ओळ जुनी, दुसरी जिची तिची.

यात्रेतल्या फटाक्यांनी, मिरवणुकीतल्या डीजेने त्रास होतो. त्यावर काही आहे का?

आहे. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेची तयारी सुरू झाली की आम्ही डिसेंबरातच काही जणांबरोबर आराखडा करतो. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाचे आवाज कुठल्या दिवशी, त्या वेळी कुठे असायचं, बरोबर कोण, कानात काय, हातात काय. एकाने खिशात ठेवायला खडबडीत चादरीचा चौकोनी तुकडा शिवला आहे, त्यावर अंगठा फिरवत तो नंदीध्वजाच्या मिरवणुकीत उभा राहिला. तीन वर्षांनी. जत्रा टाळून घरात बसणं हा मार्ग कुणासाठी चुकीचा नाही, पण सोलापूरकराला गड्ड्याला, म्हणजे या जत्रेला, जाता न येणं किती लागतं हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पुरुष येतात का?

येतात, उशिरा येतात, आणि बहुतेक दारू सोडवण्याच्या निमित्ताने. चित्रापेक्षा ढोल, हलगी, लेझीम, नाट्य यांना ते लवकर तयार होतात. लहानपणी झालेलं लैंगिक शोषण पन्नाशीत पहिल्यांदा सांगणारे पुरुष आम्ही पाहिले आहेत.

लहान मुलांसाठी?

मुलं तर खेळातून आणि चित्रातूनच बोलतात, त्यामुळे त्यांच्यासाठी ही भाषा आधीचीच. दोन गोष्टी पालकांनी लक्षात ठेवाव्यात. सत्रानंतर "काय काढलंस, काय सांगितलंस" अशी उलटतपासणी नको. आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आमच्यावरही. "कुणाला सांगणार नाही" असं खोटं वचन आम्ही मुलाला कधी देत नाही. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

मोठ्यांचं काय? माझं बोलणं, माझी चित्रं कुणाला दाखवता?

कुणालाही नाही, नवऱ्याला, सासूला, पाठवणाऱ्या डॉक्टरलाही तुमच्या संमतीशिवाय नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तिथे अपवाद करावा लागतो, आणि शक्य असेल तेव्हा तो तुम्हाला सांगूनच. चित्रांचं प्रदर्शन आम्ही भरवत नाही. पेटी तुमची. कुणी शेवटी घरी नेतं, कुणी आमच्याकडेच ठेवतं, एकीने कागद भिजवून त्याचा लगदा केला आणि त्यात तुळस लावली.

गोळ्या चालू आहेत. बंद करू का?

करू नका. मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही गोळी कमी करू नका, काही गोळ्या अचानक सोडल्या तर त्रास उलटतो. कित्येकांना गोळीमुळेच इतकी झोप मिळते की ते सत्राला येऊ शकतात. ज्यांना अजून डॉक्टरांना दाखवायचं आहे त्यांनी सिव्हिल हॉस्पिटलच्या, म्हणजे वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवावं.

याचा पुरावा आहे का, की नुसतं बरं वाटतं?

सरळ सांगते. आघातावर सगळ्यात भक्कम पुरावा आघातावर थेट काम करणाऱ्या बोलण्याच्या उपचारांचा आणि ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचाली वापरून आठवणीवर काम करणाऱ्या पद्धतीचा आहे. कलाधारित उपचारांचे अभ्यास आशादायक आहेत, पण बरेचसे लहान आहेत, आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी असल्याने तुलना अवघड जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ साली ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कलांचा आरोग्याला हातभार लागतो असं म्हटलं, पण तो आढावा सगळ्या आजारांचा होता. म्हणून "कलेने आघात बरा होतो" असं आम्ही म्हणत नाही. बोलण्याच्या उपचारापर्यंत पोचू न शकणाऱ्याला कला तिथवर आणते, आणि तो चालू असताना सांभाळते, एवढं खात्रीने म्हणते.

खरा थेरपिस्ट कसा ओळखायचा?

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती विचारायला लाजू नका. कला-उपचारासाठी आपल्याकडे अशी सरकारी नोंदणी अजून रुळलेली नाही. त्यामुळे दोन दिवसांच्या प्रमाणपत्रावर कुणीही पाटी लावू शकतं. विचारा: कुठे शिकलात, किती काळ, तुमच्या कामावर देखरेख कोण करतं, माझा त्रास वाढला तर काय कराल? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर उठून या. तुम्हाला न विचारता अंगाला हात लावणारा, रडवल्याशिवाय न सोडणारा, फोटो काढणारा, तीन सत्रांत बरं करण्याची हमी देणारा, यांच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

किती दिवस लागतील? कामाचा खाडा परवडत नाही.

वर्ष-दीड वर्ष धरून चाला, आधी बरं वाटलं तर आनंदच. विड्यांचा माल द्यायचा दिवस, मागाची पाळी, शाळेची वेळ पाहून गटाच्या वेळा ठरतात. मध्ये खंड पडला तरी दार बंद होत नाही. पंधरा दिवस गायब होऊन परत येणं हा या त्रासाचाच भाग आहे, त्यावर कुणी रागावत नाही.

घरी स्वतःचं स्वतः काय करू?

आघाताची चित्रं एकट्याने काढू नका. सावरणाऱ्या गोष्टी करा: ठेका धरणं, टाके घालणं, रांगोळीचे ठिपके जोडणं, मोठ्याने गुणगुणणं. गुणगुणताना श्वास आपोआप लांब सुटतो. मध्येच सुन्न व्हायला लागलं तर उभं राहा, पाय आपटा, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, गार पाणी मनगटावर घ्या.

जीव नकोसा झाला असेल तर कलेची वाट पाहू नका. १४४१६ वर फोन लावा, ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही. आणि त्या रात्री एकटं राहू नका.

घरच्यांनी काय करावं?

"आता विसर ना" म्हणू नका. मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नका, आधी हाक मारा. सत्राच्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करा. खरंच, एवढं केलं तरी आमचं निम्मं काम हलकं होतं.

पहिल्या दिवशी काय घेऊन येऊ?

काही नाही. कागद, रंग, दोरा सगळं इथे आहे. मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी-उर्दू, ज्या भाषेत रडू येतं त्या भाषेत बोला, नसेल बोलायचं तर नका बोलू. कुणाला बरोबर आणायचं असेल तर आणा, ती व्यक्ती बाहेरच्या बाकावर बसेल. दार आतून कडी न लावता नुसतं लोटलेलं असतं. कधीही उठून जाता येतं, विचारावं लागत नाही.